दवाखान्यातील संगणकाची दोन दारे : न्याहाळक आणि ईमेल

मसाटच्या औद्योगिक वसाहतीतून पूर्वी दवाखान्यात माणूस यायचा तो हातात बंद पाकीट घेऊन. कामगारांच्या तपासणीची यादी, अपघाताचा अहवाल, तज्ज्ञांना लिहिलेले पत्र असे सारे त्या पाकिटात असे. पाकीट फोडलेले असेल तर ते ताबडतोब कळे आणि आपण विचारीत असू, "हे कोणी उघडले?" आता पाकीट येत नाही, ईमेल येतो. तो वाटेत कोणी उघडला, कोणी वाचला, हे आपल्याला कळत नाही आणि आपण विचारीतही नाही.

संगणक विकत घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. किंमत, हमी, छपाईयंत्र, वीज गेल्यावर चालणारा यूपीएस या सर्वांची बारकाईने विचारपूस होते. परंतु बाहेरच्या जगाशी ज्या दोन दारांतून आपला संबंध येतो, ती दारे मात्र संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ जशी लावून देतो तशीच वर्षानुवर्षे राहतात. ही दोन दारे म्हणजे संकेतस्थळे पाहण्याचा न्याहाळक, ज्याला आपण ब्राउझर म्हणतो तो, आणि दुसरे म्हणजे ईमेलची आज्ञावली. रुग्णाला औषध निवडताना आपण जी काळजी घेतो, तिचा शतांश जरी ही दोन साधने निवडताना घेतली, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

मी स्वतः या विषयाकडे वळलो तो एक फटका बसल्यावर. काही वर्षांपूर्वी दवाखान्यातील संगणकाची हार्ड डिस्क एका रात्रीत निकामी झाली. त्याच आठवड्यात एका रुग्णाच्या गाठीचा जुना बायोप्सी अहवाल मुंबईच्या तज्ज्ञांना हवा होता. तो मला ईमेलनेच आलेला होता. परंतु सर्व्हरवरची पत्रे संगणकावर उतरवून घ्यावीत आणि मूळ प्रत पुसून टाकावी, अशी रचना माझ्या ईमेलच्या आज्ञावलीत होती. मला ती ठाऊक नव्हती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळे डिस्कबरोबर सहा वर्षांची पत्रे गेली. प्रयोगशाळेने आपली प्रत जपून ठेवली होती म्हणून अहवाल मिळाला, पण आठ दिवस उशिरा. ते आठ दिवस त्या कुटुंबाने कसे काढले, हे मी पाहिले आहे. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

न्याहाळकाचा थोडा इतिहास

न्याहाळक हा एक दुभाषा आहे. आपण पत्ता टंकलिखित करतो. तो दूरच्या सर्व्हरकडून संकेतांत लिहिलेला मजकूर मागवतो आणि त्याचे वाचनीय पान करून पडद्यावर मांडतो. हे काम त्याच्या पोटातील इंजिन करते. दुभाषा जसा निष्ठावान हवा आणि भाषा जाणणाराही हवा, तसेच याचेही आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९९० मध्ये पहिला न्याहाळक लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला, त्यानंतर १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले केले आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर अवतरला. तो विंडोजसोबत फुकट मिळू लागल्यावर नेटस्केपचा टिकाव लागला नाही. १९९८ मध्ये नेटस्केपने आपली मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्या बीजातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मधल्या काळात काय घडले हे वैद्यकीय दृष्टीनेही बोधप्रद आहे. प्रतिस्पर्धी संपल्यामुळे २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी येण्यास २००६ साल उजाडले. त्या काळात एका टप्प्यावर जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तो एकच न्याहाळक वापरीत होते. सर्व शेतात एकाच वाणाचे पीक लावले की एकच कीड सारे शिवार फस्त करते, तसे झाले. नुसते पान उघडल्याने संगणकात घुसणाऱ्या घातक आज्ञावल्यांचे पेव फुटले. अखेर जून २००४ मध्ये अमेरिकेच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने आपल्या सूचनापत्रात, दुसरा न्याहाळक वापरणे हाही एक उपाय असल्याचे नमूद केले. फायरफॉक्सचे स्वागत झाले त्यामागे ही पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात आली, ती सुमारे दहा हजार सामान्य वापरकर्त्यांनी वर्गणी काढून दिलेली होती. २००८ मध्ये गुगलचा क्रोम आला आणि चित्र पुन्हा पालटले. ज्या एक्सप्लोररवाचून एके काळी पुष्कळ संकेतस्थळे उघडत नसत, तो १५ जून २०२२ रोजी सेवानिवृत्त झाला.

आजची निवड

आज बाजारात नावे अनेक आहेत, इंजिने मात्र मोजकी. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सारे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. झोहो या भारतीय कंपनीचा उला हाही त्याच पायावर आहे. भारत सरकारने घेतलेल्या स्वदेशी न्याहाळक स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोला पहिले पारितोषिक मिळाले. ॲपलच्या सफारीचे इंजिन वेबकिट, तर फायरफॉक्सचे गेको. म्हणजे एकाच वाणाच्या पिकाची वेळ नव्या रूपात पुन्हा आली आहे. एवढ्यासाठी तरी निराळ्या इंजिनाचा एक न्याहाळक आपल्या संगणकावर असावा, असे माझे मत आहे.

निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट अद्ययावतता. न्याहाळकात दोष सापडतच असतात. चांगला निर्माता दर काही आठवड्यांनी दुरुस्ती पाठवतो. ती न घेणे म्हणजे लस उपलब्ध असून न टोचणे होय. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तिने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचे संगणक बळी पडले. आपल्याकडे क्ष-किरण किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेले जुने संगणक पुष्कळ आहेत. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती ही शेवटची ठरली आणि तिचा आधार २०२३ च्या प्रारंभी संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा जुना संगणक यंत्रापुरता वापरावा. त्यावर ईमेल व बँक यांची कामे करू नयेत.

दुसरी गोष्ट गोपनीयता. आपण एका संकेतस्थळावर एखाद्या रोगाची माहिती वाचतो आणि दुसऱ्याच संकेतस्थळावर त्याच्या औषधाची जाहिरात दिसते. हा योगायोग नव्हे. संकेतस्थळे आपल्या संगणकावर कुकी नावाची छोटी खूणचिठ्ठी ठेवतात. जाहिरातदार तिसऱ्या पक्षाची चिठ्ठी ठेवून आपला माग काढतात. सफारीने अशा परक्या चिठ्ठ्या २०२० मध्ये बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवण्याची व्यवस्था सर्वांसाठी लागू केली. क्रोमने त्या हटविण्याचा संकल्प २०२० मध्ये जाहीर केला होता, तो पुढे सोडून दिला. न्याहाळकाचा मालक जाहिरातींवर जगत असेल तर असे होणारच. अर्थात फायरफॉक्सही अगदी सोवळा नाही. मोझिलाचे बहुतेक उत्पन्न गुगलला शोधयंत्राचा मान दिल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांतून येते. हे ठाऊक असून मग निवड करावी.

तिसरी गोष्ट जोड-आज्ञावल्यांची. जाहिराती अडविणारी एखादी चांगली जोडणी फसव्या दुव्यांपासूनही वाचवते. या प्रकारच्या जुन्या, अधिक समर्थ जोडण्या क्रोमने २०२४-२५ मध्ये बंद केल्या, फायरफॉक्समध्ये त्या चालतात. मात्र दिसेल ती जोडणी बसवू नये. अनेक जोडण्यांना आपण पाहतो ते प्रत्येक पान वाचण्याची मुभा द्यावी लागते, आणि त्या पानांत रुग्णाचा अहवालही असतो.

चौथी गोष्ट कामाची. काही सरकारी व विमा संकेतस्थळे आणि तपासणी यंत्रांच्या जुन्या आज्ञावल्या अजूनही एक्सप्लोररच्या काळात अडकलेल्या आहेत. त्यांच्यासाठी एजमध्ये एक्सप्लोररची खास सोय ठेवलेली आहे. तेवढ्या कामापुरता एज वापरावा. एका संकेतस्थळाच्या हट्टापायी सारा संगणक मागे ठेवू नये.

पाचवी गोष्ट आपल्या भाषेची. शतकाच्या आरंभी मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडले की बहुधा अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे, कारण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा होता. युनिकोड रुळल्यावर ही अडचण संपली. कोणताही आधुनिक न्याहाळक देवनागरी नीट दाखवतो, 'दुसऱ्या' आणि 'सुऱ्या' यांतील अर्धा र सुद्धा. फायरफॉक्स तर सूचनांसह संपूर्ण मराठीत मिळतो. सिल्वासा परिसरात मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांत कागद येतात. स्वागतकक्षातील सहकाऱ्याला आपल्या भाषेत सूचना वाचता आल्या तर चुका कमी होतात, हा अनुभव आहे.

ईमेल : न्याहाळकात की स्वतंत्र आज्ञावलीत?

१९९६ मध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि न्याहाळकातूनच पत्रे वाचण्याची सवय जगाला लागली. २००४ मध्ये जीमेल आल्यावर ती पक्की झाली. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. तथापि दवाखान्यासाठी स्वतंत्र आज्ञावलीचे काही फायदे आहेत. दवाखान्याचे, प्रयोगशाळेचे आणि खासगी अशी तीन खाती एकाच ठिकाणी, तरीही वेगवेगळी पाहता येतात. पावसाळ्यात जोडणी गेली तरी जुने पत्र शोधता येते. आणि मुख्य म्हणजे आपल्या पत्रव्यवहाराची एक प्रत आपल्या स्वतःच्या ताब्यात राहते. खाते काही कारणाने बंद पडले तर हात चोळीत बसावे लागत नाही.

येथे दोन पद्धतींतील भेद समजून घेतला पाहिजे. पॉप ही पद्धत टपाल कचेरीतून पत्रे घरी आणण्यासारखी आहे. आणली की कचेरीत काही उरत नाही, निदान मूळ रचना तरी तशीच. आयमॅप ही पद्धत बँकेच्या लॉकरसारखी आहे. वस्तू तेथेच राहते, आपण घरून, दवाखान्यातून, भ्रमणध्वनीवरून तीच पाहतो. माझी सहा वर्षांची पत्रे गेली ती पॉपमुळे. म्हणून आयमॅप निवडावे. मात्र आयमॅप म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही लक्षात ठेवावे. एका ठिकाणी पत्र पुसले की ते सगळीकडून पुसले जाते. तेव्हा महिन्यातून एकदा पत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी.

जुन्या पिढीला परिचित असलेली युडोरा आणि आउटलुक एक्सप्रेस ही नावे आता इतिहासजमा झाली. विंडोजमधील मेल या साध्या आज्ञावलीचा आधारही ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला व तिच्या जागी नवे आउटलुक आले. ते वापरण्यास सोपे आहे. परंतु त्यात दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले असता पत्रे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी जुळवून घेतली जातात. रुग्णांचे अहवाल आणखी एका तिऱ्हाइताकडे जाणार, याची जाण ठेवून मगच संमतीचे बटण दाबावे.

मला स्वतःला थंडरबर्ड पसंत पडले. फायरफॉक्सच्याच कुळातील ही आज्ञावली डिसेंबर २००४ मध्ये प्रथम आली. ती मोफत आहे, तिची मूळ आज्ञावली खुली आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. २०२४ पासून ती अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरही मिळते. निरुपयोगी पत्रे ओळखायला ती आपल्याकडूनच शिकते. पत्रातील बाहेरची चित्रे ती आपण होऊन उघडत नाही. हे महत्त्वाचे, कारण अशा चित्रांवरून पत्र केव्हा उघडले गेले ते पाठविणाऱ्याला कळते. पत्र कुलूपबंद करण्याची ओपनपीजीपी ही सोय तिच्यात २०२० पासून अंगभूत आहे. उणिवा सांगायच्या तर सुरुवातीची मांडणी थोडी किचकट वाटते आणि पत्रे हजारोंच्या संख्येने साठली की तिचा वेग मंदावतो. ॲपलचे संगणक वापरणाऱ्यांना त्यातील मेल ही आज्ञावली पुरेशी आहे.

साधन चांगले, पण हात?

उत्तम शस्त्रक्रियागृहातही हात न धुता शिरले तर उपयोग काय? नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणक व्यवस्था २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर हल्ल्याने कोलमडली आणि पुढे कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालापर्यंत सारी कामे हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या दवाखान्यांची काय कथा? म्हणून काही सवयी सर्वांनीच लावून घ्याव्यात.

पाठविणाऱ्याचे नाव न पाहता पूर्ण पत्ता पाहावा. नाव कोणालाही कोणतेही लावता येते. पत्त्याच्या पट्टीतील कुलपाचे चिन्ह म्हणजे वाटेत कोणी मजकूर वाचू शकणार नाही एवढेच; समोरचा प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. ठकही कुलूप लावतो. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले. ईमेल व बँक यांना दोन टप्प्यांची ओळखतपासणी लावावी. कारखान्याच्या शिबिराचे पत्र शंभर जणांना पाठवायचे असेल तर सर्वांचे पत्ते बीसीसीच्या रकान्यात घालावेत, अन्यथा कोण कोण आपला रुग्ण आहे हे शंभर जणांना कळते. अहवाल पाठवताना पीडीएफला परवलीचा शब्द घालावा व तो शब्द दूरध्वनीवर सांगावा. जीमेलवरून जोडपत्र २५ एमबीपर्यंतच जाते, शिवाय पाठवताना जोडपत्राचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो. तेव्हा सीटी स्कॅनच्या मूळ प्रतिमा ईमेलने पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. आणि फसवणूक झालीच तर लाजेखातर गप्प न राहता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांतच पैसे अडविता येण्याची शक्यता अधिक असते.

व्यवसायाचे उत्तरदायित्व

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. रुग्णाचे गुपित फोडणे तर गैरवर्तनच ठरविले. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी ईमेलला सल्लामसलतीचे एक माध्यम म्हणून मान्यता दिली. म्हणजे ईमेल हाही आता केसपेपरच झाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून माहितीच्या रक्षणात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दवाखान्यावर एवढा बोजा पडेल असे नव्हे. पण "संगणकवाल्याने बसवून दिले होते" हे उत्तर यापुढे चालणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी दोन तास काढावेत. संगणकाची व न्याहाळकाची आवृत्ती पाहावी, फायरफॉक्स किंवा आपल्याला पटेल तो दुसरा न्याहाळक सोबत बसवावा, नको असलेल्या जोडण्या काढून टाकाव्यात. दवाखान्याच्या कामासाठी वेगळे ईमेल खाते उघडून ते आयमॅपने जोडावे. आपली पत्रे कोठे आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. उत्तरे सुचली नाहीत, तर कामाला तेथूनच सुरुवात करावी. हे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी आपल्यातील तरुण सहकाऱ्यांना हाक मारावी. एकमेकांची नाडी पाहण्यात कमीपणा कसला?

रुग्ण आपल्यापुढे बसतो तेव्हा बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आपल्याला सांगतो. ती आपण ऐकतो आणि संगणकात लिहून ठेवतो. त्या संगणकाची दारे नीट लावलेली आहेत की नाहीत, हे पाहणे हा त्या विश्वासाचाच एक भाग आहे.